बाजूची शिवण

अंकल गाडीला पुढून कधी बघायचे नाहीत. लोक नवी गाडी घेऊन मीरा रोडला हाटकेशमधल्या त्यांच्या गाळ्यापाशी यायचे, जाळी, दिवे, बॉनेट असं सगळं अंकलांच्या नजरेत भरेल अशा बेताने ती उभी करायचे आणि कौतुकाची वाट बघायचे. अंकल मागून वळसा घालायचे, मागचं दार उघडायचे, चपला बाहेर काढायचे आणि सीटवर मधोमध जाऊन बसायचे. डोळे मिटून, दोन-तीन मिनिटं. गिऱ्हाईक बिचारं बाहेर हात चोळत उभं. "गाडी पुढून सगल्यांचीच हसते," अंकल म्हणायचे, "मागं बसनाऱ्याला हसवते काय, ता बघाचा." मग हळूच बाहेर येऊन खिशातला टेप काढायचे.

त्यांचं नाव इनास. भाईंदरजवळच्या उत्तन गावचे. घराणं दर्यावरचं, पण यांना होडी लागायची. कोळ्याच्या पोराला होडी लागते म्हणजे हलवायाच्या पोराला साखर बाधण्यासारखं. गावाने चिकार चेष्टा केली. मग किनाऱ्यावर बसून फाटकी जाळी सांधायला शिकले आणि हातात सुई आली ती आलीच. आधी रिक्षांची हुडं, मग टेम्पोच्या सीटा, आणि मीरा रोडला इमारतींच्या पोटात गाड्या भरायला लागल्या तशी गाड्यांची सीटकव्हरं. डब्यात बहुतेक सुकटीची चटणी असायची, त्यामुळे गाळ्यात नव्या रेक्झिनचा आणि सुक्या मासळीचा एकत्र वास दरवळायचा. शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून रंग निवडायची, पण कव्हर शिवून घ्यायची अंकलांकडूनच.

ती गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाठवणारी मी. मीरा रोडच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये ॲक्सेसरीजच्या टेबलावर बसायचे. मॅट, मडफ्लॅप, डॅशबोर्डवरचे गणपती आणि सीटकव्हरं हा माझा संसार. आपल्याकडे नवी वस्तू वापरण्याआधी झाकायची असते. रिमोटला प्लॅस्टिक, फ्रिजच्या डोक्यावर रुमाल, सोफ्याला अभ्रा आणि पाहुणे येणार म्हटलं की अभ्र्यावर चादर. माझ्या आईने घेतलेली सुटकेस आजही तिच्या खोक्यात आहे. गाडीची तीच गत. कंपनीने दिलेली मूळची सीट कित्येक मालकांनी आयुष्यात पाहिलेली नसते, कारण गाडी शोरूममधून बाहेर पडायच्या आत कव्हर चढलेलं हवं असतं. म्हणून आम्ही गाडी आधी अंकलांकडे पाठवायचो आणि मग पूजा, नारळ, चाकाखाली लिंबं.

अंकलांना मराठी वाचता यायचं. चर्चमधलं, त्यांच्या भाषेत देवळातलं, प्रार्थनेचं पुस्तक ते सरसर वाचायचे. इंग्रजीशी मात्र त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यामुळे आमच्यात एक रिवाज पडून गेला होता. नवी गाडी आली की अंकल सोमवारी सकाळी शोरूम उघडायच्या वेळेला यायचे, हात धुवायचे, माझ्या समोरच्या खुर्चीत ताठ बसायचे आणि म्हणायचे, "हां, वाच." मग मी त्या गाडीचा सगळा तपशील, लांबीरुंदीपासून इंजिनाच्या ताकदीपर्यंत, मोठ्याने वाचून दाखवायचे. मधली ओळ गाळलेली त्यांना चालायची नाही. "अंकल, हे इंजिनाचं आहे, तुम्हाला काय करायचंय?" असं मी एकदा म्हटलं तर म्हणाले, "कापड ज्याला नेसवाचा त्याची सगली कुंडली नको काय?"

वाचलेलं ते आपल्या मापात बसवून घ्यायचे. "डिकी चारशे लिटर," मी वाचलं. "लिटर? दूध भराचा हाय काय?" मी समजावून थकले. शेवटी ते कुठूनशा मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन आले, शोरूमच्या चकचकीत गाडीची डिकी उघडली आणि पाट्या रचून बघितल्या. आमचे मॅनेजर धावत आले तोपर्यंत माप होऊन गेलं होतं. "तीन पाट्या, आन वर सायबाचा ल्यापटॉप." जमिनीपासूनची उंची एकशे नव्वद मिलिमीटर म्हटल्यावर गुडघ्यावर बसून त्यांनी गाडीखाली वीत घातली आणि निकाल दिला, "एक वीत, नख सोडून. उत्तनच्या रस्त्याला चालंल."

एक प्रश्न ते प्रत्येक गाडीला विचारायचे. "मधल्याला पट्टा हाय काय?" मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याला खांद्यावरून येणारा नीट पट्टा आहे की नुसता कमरेचा, हे त्यांना आधी हवं असे. इंजिन, सनरूफ, मोठा स्क्रीन हे सगळं त्या मागून. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मधी कोन बसतो? घरातला सगल्यात गप मानूस. कोपरा मागाची ज्याला लाज वाटते तो. त्याला पट्टा न्हाय दिला तर गाडी कसली फ्यामिलीची?" त्या दिवशी घरी गेले आणि आठवून बघितलं. आमच्या मामांच्या गाडीत मध्ये कायम माझी आई बसायची.

मग आमच्याकडे ती क्रॉसओव्हर आली. दिसायला जीपसारखी उंच, चालायला गाडीसारखी मऊ. पाच माणसांच्या कुटुंबाला पुरेल आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेल अशी. मीरा रोडच्या मध्यमवर्गाने जणू देवाकडे मागूनच घेतली होती. अंकलांना मी क्रॉसओव्हर म्हणजे काय ते सांगितलं. "म्हंजे ना घोडा ना गाढव," ते म्हणाले. "खेचर बोल की." झालं, आमच्या शोरूममध्ये त्या गाडीचं नाव खेचर पडलं. सेल्सची मुलं गिऱ्हाइकासमोर जीभ चावायची. पण खेचर अंकलांना आवडलं होतं. सीटची उंची अशी की म्हाताऱ्या माणसाला खाली बसावं लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही, नुसतं टेकायचं. मागे एसीची झडप. सीट निम्मी पाडता येते. आणि मधल्याला पट्टा. "हिला बरा शिवीन," म्हणाले, आणि कागदावर तिचे साचे कापले.

टाक्याचा त्यांना अभिमान होता. बाकीचे कव्हरवाले मशीनवर एक शिवण मारायचे. अंकल मशीनची शिवण मारून तिच्यावरून हाताने, जाळ्याला वापरतात तशा चिवट दोऱ्याने दुसरी घालायचे. पाच-पाच वर्षांनी लोक गाडी विकायला आणायचे तेव्हा सीटचा फोम बसलेला असे, रेक्झिनला भेगा पडलेल्या असत आणि शिवण जशीच्या तशी. "घर फुटंल, पन माझा टाका न्हाय सुटाचा," हे ते इतक्यांदा म्हणायचे की आम्ही त्यांच्या आधी म्हणून टाकायचो. कव्हर चढवून झालं की पुन्हा चपला काढून मागे मधोमध बसायचे आणि त्या गाडीत बसणाऱ्या अनोळखी माणसांसाठी एक नमो मरिया म्हणायचे. गाडी जोश्यांची असो की खानांची, ही प्रार्थना चुकायची नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं, अंकल थकून बसलेत.

आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

गुढीपाडव्याचा आदला दिवस होता. पाडव्याला मीरा-भाईंदरमधल्या प्रत्येकाला गाडी त्याच दिवशी आणि सकाळच्या मुहूर्तावरच हवी असते. आमच्याकडे एका दिवसात बावीस गाड्या द्यायच्या होत्या. त्यातली एक सुर्व्यांची. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले सुर्वे आणि घरीच पाळणाघर चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी. वहिनींनी येऊन स्वतः कव्हराचा रंग निवडला होता, विटकरी. "मुलांचे हात लागले तरी दिसणार नाही," म्हणाल्या होत्या. सुर्व्यांची गाडी त्या दुपारी अंकलांच्या गाळ्यात होती.

माझ्या टेबलासमोर आठ माणसं, हातात कुणाची तरी पावती, कानाला फोन. पलीकडून अंकल.

"पोरी, शीटच्या बाजूला, दाराच्या अंगाला, एक चिठ्ठी शिवलेली हाय. बारकी. आधीच्या गाड्यांना नव्हती."

"असेल अंकल."

"इंग्रजी हाय. पाच-सहा अक्षरां हायत. तू येतेस काय बघाला? न्हायतर फोटो धाडतो कुनाला तरी सांगून."

"अंकल, कंपनीचं लेबल असणार ते. वेळ नाहीये हो. उद्या पाडवा आहे."

मागे मशीनचा आवाज नव्हता. त्यांनी विचारलं, "शिवू ना?"

"हो, शिवून टाका," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या चिठ्ठीवर एअरबॅग लिहिलेलं होतं. आठ दिवसांपूर्वीच कंपनीकडून नवा तपशील आला होता. आधी त्या गाडीला पुढे दोनच एअरबॅगा होत्या, आता सहा झाल्या होत्या, आणि त्यातल्या दोन पुढच्या सीटांच्या बाजूच्या शिवणीत दडवलेल्या होत्या. गाडीला बाजूने धडक बसली की ती शिवण फाडून पिशवी फुगते आणि दार आणि माणसाच्या बरगड्यांच्या मध्ये उभी राहते. सगळ्यात महागाच्या मॉडेलला हे आधीपासून होतं, पण त्याला कंपनीचंच लेदर येत असल्यामुळे ती गाडी अंकलांकडे कधी जायची नाही. नवा कागद मी वाचला होता. सेल्सच्या मुलांना पाठवलाही होता. फक्त अंकलांना सोमवारी बोलावून वाचून दाखवायचा राहिला होता, कारण पाडव्याची गर्दी होती. आणि विचारलं तेव्हा मला आठवलं नाही. इतकं साधं आहे ते. मला आठवलं नाही. नंतरही आठवलं नाही. पाडवा झाला, अक्षय्यतृतीया झाली, दसरा झाला, तो कागद टेबलाच्या खणात राहिला आणि अंकल खेचरामागून खेचर शिवत राहिले.

दिवाळीनंतर सुर्वे दांपत्य पेणहून, वहिनींच्या माहेराहून येत होतं. घोडबंदरकडून वळताना एका टेम्पोने डावीकडून गाडीला धडक दिली. डावीकडे पुढे वहिनी होत्या. सुर्व्यांना खरचटलं. वहिनींच्या चार बरगड्या मोडल्या, एक फुप्फुसात घुसली. महिनाभर त्या हॉस्पिटलमध्ये होत्या, त्यातले अकरा दिवस नुसत्या यंत्रावर. मी एकदा जाऊन आले. डाळिंबं घेऊन गेले होते. सुर्व्यांनी माझे हात धरून आभार मानले, शोरूममधून कोणी तरी आलं म्हणून. मी डाळिंबं ठेवली आणि आले.

गाडी आमच्या वर्कशॉपच्या मागच्या अंगणात आणून टाकली होती. विमा कंपनीचा माणूस बघून गेला आणि जाता जाता म्हणाला, असली कव्हरं घालू नयेत. अंकलांना कुणी कळवलं मला माहीत नाही. अपघाताला महिना होत आला होता. ते आले. त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या नाहीत. पुढचं दार वाकलेलं होतं, मेकॅनिकने ते कापलं होतं. विटकरी कव्हराच्या आत पिशवी फुगून तिथल्या तिथे कोंडली होती. वरून नुसता फुगवटा दिसत होता, कुशीवर झोपलेल्या माणसाच्या पाठीएवढा. अंकलांनी शिवणीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.

"टाका सुटला न्हाय," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. कव्हर नसतं तर बरगड्या वाचल्या असत्या का, हे मी त्या विमावाल्याला विचारलं होतं, डॉक्टरांनाही विचारलं होतं. दोघंही म्हणाले, सांगता येत नाही. ते मी अंकलांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मशीन विकलं. मला वाटलं, धक्का बसलाय, चार दिवसांनी सावरतील. पण आठवड्याने ते शोरूमला आले, हात धुतले, समोर बसले. "पाडव्यापासून त्या गाड्या कोना-कोनाला दिल्या, त्याची यादी काढ," म्हणाले. आमच्या मॅनेजरना हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्यांनी सगळ्यांना तोंड मिटून राहायला बजावलं होतं. मी यादी काढली. अंकलांनी शिवलेल्या एक्केचाळीस गाड्या निघाल्या. सुर्व्यांची सोडून चाळीस.

त्या चाळीस गाड्यांची बाजूची शिवण उसवायला आम्ही तीन महिने हिंडलो. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून अंकल उत्तनहून यायचे, मी स्टेशनपाशी उभी असायचे, शेअर रिक्षा करून पुढे जायचो. खिशात ब्लेड, छोटी कात्री, काठ मुडपायला सुई-दोरा. मी वॉचमनला हिंदीत समजवायचे, नाव वाचायचे, फ्लॅट नंबर सांगायचे. मालक खाली यायचा. अंकल एकच वाक्य बोलायचे, "माझी चूक झाली हाय, ती काढाला आलोय." मग पार्किंगच्या लादीवर गुडघे टेकून आपलाच टाका एकेक करून तोडायचे. तो टाका इतका चिवट की एका सीटला अर्धा तास लागायचा. दमा होता त्यांना. अर्ध्यावर थांबून तोंडाला पंप लावायचे आणि पुन्हा वाकायचे.

लोक नाना तऱ्हेचे. शांतीनगरमध्ये एका गुजराती घरातल्या बाईंनी आम्हाला वर नेऊन ताक पाजलं आणि अंकलांच्या गुडघ्याखाली उशी आणून ठेवली. एकाने आरडाओरडा केला की महागाचं कव्हर बिघडवलं, आता नवं कोण देणार. एक मात्र मला विसरता येत नाही. "अरे अंकल, रहने दो ना, हमको कुछ नहीं होता," असं म्हणून तो लिफ्टकडे निघाला. अंकल त्याच्या गाडीच्या दाराला पाठ टेकून खाली बसले. "तेरे को नहीं होगा," म्हणाले, "तेरे बाजू में कोन बैठता हय?" तो माणूस परत आला आणि किल्ली देऊन गेला. एक गाडी नाशिकला विकली गेली होती. अंकल एकटे एस.टी.ने नाशिकला जाऊन आले.

या तीन महिन्यांत मी किती तरी वेळा तोंड उघडलं. रिक्षात, पायऱ्यांवर, रसाच्या गाडीपाशी. "अंकल, त्या दिवशी तुम्ही फोन केलात तेव्हा मी..." इतकं म्हणायची खोटी, की ते म्हणायचे, "पुढचा नाव वाच." एकदा मी हट्टाने वाक्य पुरं करायला गेले. ते म्हणाले, "सुई माझ्या हातात होती, पोरी. फोन न्हाय शिवत." त्यात रागाचा लवलेश नव्हता, त्यामुळे मला आणखीच लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. मी पुढचं नाव वाचलं.

मी त्यांना सुर्व्यांकडे जाऊ या असं कधी म्हटलं नाही. त्यांनीही काढलं नाही. मी मनाशी ठरवलं होतं, वहिनी जरा हिंडू-फिरू लागल्या की दोघं मिळून जाऊ. मग ठरवलं, चाळीस गाड्या झाल्या की जाऊ. माणूस स्वतःला किती व्यवस्थित तारखा देतो.

चाळिसावी गाडी भाईंदर पूर्वेला होती. ती झाली तेव्हा अंकल उठून उभे राहिले, गाडीला हात लावून क्रूसाची खूण केली आणि मला म्हणाले, "आता तू घरी जा. रविवारी झोप जरा." दोन आठवड्यांनी, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, ते गेले. दमाच वाढला. मला निरोप त्यांच्या पुतण्याचा आला. उत्तनच्या देवळात लोक दाराबाहेरपर्यंत उभे होते. जे गाव त्यांना होडी लागते म्हणून हसलं होतं ते सगळं गाव, आणि मागच्या रांगेत ताक पाजणाऱ्या त्या बाई, साडीचा पदर डोक्यावर घेऊन. सुर्वे दिसले नाहीत. मी माती घातली. मला रडू आलं ते तिथे नाही, परतीच्या बसमध्ये. किनाऱ्याला बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत होते आणि अंकलांच्या डब्याचा वास आत आला.

अंकलांची महिन्याची मिस्सा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुर्व्यांकडे गेले. एकटी. तिसऱ्या मजल्यावर, दारावर पाळणाघराची रंगीत पाटी अजून होती, आत मात्र मुलांचा आवाज नव्हता. वहिनींनी दार उघडलं. डाव्या कुशीला हात धरून चालत होत्या. मुलांना उचलता येत नाही म्हणून पाळणाघर बंद केलंय, असं त्यांनी साधेपणाने सांगितलं. पाणी दिलं. सुर्वे कामावर गेले होते.

मी सांगितलं. ग्लास हातात धरून, कुठेही न थांबता. नवा कागद, पाडव्याची गर्दी, ती चिठ्ठी, फोन. अंकलांनी विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, हे सांगितलं. चूक माझी होती, त्यांची नव्हती.

वहिनी म्हणाल्या, "फोन? त्यांनी तुम्हाला फोन केला होता?"

"हो."

"ते इथे आले होते. मला घरी आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. इथेच उभे होते, दारात. आत आलेच नाहीत." त्यांनी श्वास घेतला, त्यांना मध्येच घ्यावा लागायचा. "मी विचारलं त्यांना, की वाचता येत नव्हतं तर कुणाला विचारायचं नाही का? ते म्हणाले, न्हाय विचारला. मी दोनदा विचारलं हो. म्हणाले, कुनालाच न्हाय विचारला, मना वाटला लेबल असंल."

मी ग्लास खाली ठेवला.

"मग मी बोलले त्यांना. खूप बोलले. वाचता येत नाही तर लोकांच्या जिवाशी खेळायचा धंदा कशाला करता, म्हटलं. असं काय काय. दुखत होतं ना मला, तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेत होते. जाताना म्हणाले, बरोबर हाय बाय तुजा. आणि गेले."

दोन तारखा जोडायला मला वेळ लागला नाही. वहिनी घरी आल्या तो दिवस आणि मशीन विकलं तो दिवस, मध्ये एकच रात्र होती. इथून निघाले त्याच दिवशी त्यांनी मशीन विकलं होतं.

"त्यांना सांगायला हवं," वहिनी म्हणाल्या. "मी येते तुमच्याबरोबर. रिक्षाने गेलं तर मला झेपेल उत्तनपर्यंत. मला त्यांची माफी..."

त्यांना माहीतच नव्हतं. कुणी कळवलं नव्हतं. अंकल गेल्याचं मी सांगितलं. कधी, असं त्यांनी विचारलं. महिना झाला, मी म्हणाले.

वहिनी खुर्चीत बसल्या. कुशीवरचा हात तसाच होता. रागाने बोलतील म्हणून मी वाट बघत होते, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू, खरोखर कळून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "तुम्ही आधी का नाही आलात हो?"

गर्दी होती, यादी होती, वहिनींची तब्येत होती. घरून निघताना मी ही सगळी कारणं बरोबर आणली होती. त्यांतलं एकही मी बाहेर काढलं नाही. चपला घालून जिना उतरले. खाली येईपर्यंत वरचं दार लागल्याचा आवाज आला नाही.